कपाटातले पाच बेस: ठेवू की विकू?

मंद्रसप्तक:
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण दोन महिने झाले, सुटत नाहीये. माझ्याकडे पाच बेस गिटार आहेत. वाजवतो एक. उरलेले चार वर्षातून कधीतरी बाहेर येतात, तेही धूळ झटकताना हाताला लागले म्हणून. पाच-दहा मिनिटं टुंगटुंग करायचं, पुसायचं, परत केसमध्ये. मी व्यावसायिक वादक नाही. आठवड्याला एक तालीम, महिन्याला जमलाच तर एक कार्यक्रम, एवढाच व्याप.

तर ही पाच अपत्यं. पहिला प्रिसिजन धर्तीचा (फेंडर कंपनीच्या त्या नावाच्या बेससारखा), चार तारा, फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत, टोनची कळ कायम अर्ध्यावर. हा रोजचा, त्याच्याबद्दल वाद नाही. दुसरा जॅझ बेस, हाही फेंडरचाच नमुना, निमुळत्या मानेचा, दोन पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारं चुंबक). घेतला तेव्हा रात्र-रात्र वाजवला, आता का वाजवत नाही ते मलाच सांगता येत नाही. तिसरा पाच तारांचा, ॲक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट), ३५ इंची (तारेची वाजती लांबी), वजन पावणेपाच किलो. एका बँडला नेहमीच्या ई तारेच्याही खालचा बी स्वर हवा होता म्हणून घेतला. बँड आठ महिन्यांत मोडला, बेस राहिला. चौथा फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पडदे नसलेला. फ्रेटलेसचा बादशहा जॅको पास्टोरियस ऐकल्यावर माणसं ज्या चुका करतात, त्यातली ही माझी. पाचवा माझा पहिलावहिला, ३० इंची, शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारेचा. डोक्यावरचं नाव पुसलं गेलंय, खुंट्या ढिल्या आहेत, पण माझी पहिली बेसलाइन त्याच्यावर बसली.

घरून विरोध नाही. बायकोने एकदा कपाटाकडे बघत "यातला एखादा तुला ओळखतो तरी का रे?" एवढंच विचारलं. ते मात्र लागलं.

नुसतं "ठेव" किंवा "विकून टाक" नको. तुमच्यावर ही वेळ आली तेव्हा कसं ठरवलंत, आणि नंतर काय वाटलं, ते लिहा.

खरखर:
सोपं आहे. वर्षभरात केसबाहेर न आलेला बेस तुमचा नाही, तुम्ही त्याचं गोदाम आहात. चार विका, मोकळे व्हा.

टोणगा_पेडल:
वाचतोय. माझ्याकडे सात आहेत, त्यामुळे सल्ला देण्याचा नैतिक अधिकार नाही.

अडीचपडदे:
मंद्र, थांबा जरा. मी वाद्यदुरुस्तीचं काम करतो. "हा हल्ली वाजवावासाच वाटत नाही, विकायचाय, त्याआधी एकदा बघून द्या" असं म्हणत लोक बेस घेऊन येतात. दोन तासांनी त्यातले कितीतरी जण तोच बेस छातीशी धरून परत जातात. म्हणून विचारतो, या चारही बेसचा शेवटचा सेटअप (मान, तारांची उंची, सूर जुळवून घेणं) कधी झाला? तारा कधी बदलल्या?

राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या तारांच्या वळ्यांमध्ये घाम आणि मळ साचत जातो. वरचे स्वर मरतात, नुसता थड-थड आवाज उरतो, आणि बाराव्या पडद्यावर सूरही नीट जुळत नाही. पाच वर्षांच्या तारा असलेल्या बेसवर निकाल देणं म्हणजे सर्दी झालेल्या गवयाची परीक्षा घेणं. (फ्लॅटवाउंडची गोष्ट वेगळी, त्या म्हाताऱ्या झाल्या की काहींना जास्त आवडतात.)

दुसरं म्हणजे मान. चार तारांच्या नेहमीच्या संचाची एकूण ओढ ८० किलोच्या आसपास असते. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या लाकडाला रात्रंदिवस लटकलेला आहे, आणि त्याला तोलून धरायला आत एक धातूची सळई, ट्रस रॉड आहे. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी पडली की आकसतं, आणि हा तोल जरासा सरकतो. तारा वर येतात, बोटं दुखतात, माणूस दुसरा बेस उचलतो. बिचाऱ्या पहिल्याला वाटत असेल, माझं काय चुकलं. रॉडच्या पाव आट्याचं काम असतं हो! पाव फिरवा, मानेला बसायला वेळ द्या, मग गरज पडली तरच पुढे. जोर लावावा लागत असेल तर मात्र हात काढून घ्या आणि जाणकाराला दाखवा.

तुमच्या ॲक्टिव्ह बेसमधली नऊ व्होल्टची बॅटरी आज काढा. आज म्हणजे आजच. केबलची पिन जॅकमध्ये असली की सर्किट चालू राहतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पिन काढून वर्षानुवर्षं ठेवलेल्या बेसमध्येही बॅटरी पाझरते आणि प्रीअँप (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) खाते, हे मात्र ती पाझरल्यावरच कळतं.

आणि "वाजवत नाही तर तारा पूर्ण सैल करून ठेवतो" हा शहाणपणा नको. ओढ गेली की रॉड एकटाच मानेला मागे खेचत बसतो. सुरात ठेवा, नाहीतर फार तर अर्धा-एक सूर खाली.

मंद्रसप्तक:
अडीचपडदे, शेवटचा सेटअप... प्रिसिजन सोडला तर बाकीच्यांचा मी कधीच केलेला नाही. बॅटरी उद्या बघतो.

अडीचपडदे:
आज म्हणालो होतो.

हिशेबी_माणूस:
मी बेस वाजवत नाही (मुलगी वाजवते), पण हा प्रश्न जितका संगीताचा तितकाच डोक्याचा आहे. १९९० साली कानेमन, नेट्श आणि थेलर या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, निम्म्यांना नाही, आणि मग बाजार मांडला. ज्यांच्या हातात मग होता ते जी किंमत मागत, ती घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. कॉफीचा मग तोच, आणि हातात येऊन काही मिनिटंच झालेली. तुमचे बेस तर तुमच्याकडे कित्येक वर्षं आहेत.

म्हणून "हा विकू का?" असं विचारूच नका, उत्तर "नको" येणार हे ठरलेलं. उलटं विचारा. हा बेस आज तुमच्याकडे नाही, त्याचे पैसे खिशात आहेत, आणि समोर तो टांगलेला आहे. घ्याल?

खरखर:
+१. हेच मी एका ओळीत म्हटलं होतं.

तळघर:
हिशेबी, प्रश्न चांगला आहे, पण मग आणि बेस यात एक फरक आहे. मग फुटला तर हुबेहूब दुसरा मिळतो. एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, एकाच रंगाचे दोन जॅझ बेस शेजारी ठेवून वाजवा. एक अर्धा किलो जड निघेल, एकाची मान हातात जास्त भरेल. एकाच्या वरच्या जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास सूर पटकन विझेल, दुसऱ्याचा बराच वेळ टिकेल. बोल्टने जोडलेल्या लांब मानेच्या बेसवर ही मेलेली जागा फार नेहमीची. तेव्हा "पुन्हा हवा वाटला तर पुन्हा घेऊ" हे गृहीत धरू नका. पुन्हा मिळेल तो त्याचा भाऊ असेल.

आता माझी गोष्ट. गेल्या पंधरा वर्षांत मी चार बेस विकले. एकाचा पश्चात्ताप आहे, अजून आहे. उरलेल्या तिघांपैकी एकाचा रंग काय होता हे आठवायला परवा मला जुने फोटो काढावे लागले. म्हणजे तीन चतुर्थांश वेळा मी बरोबर होतो. गोची अशी की जो चौथा आठवतो, तो चारांतला सगळ्यात स्वस्त होता आणि विकताना मला दोन मिनिटंही विचार करावासा वाटला नव्हता. महागड्याची काळजी करत बसलो आणि साधा हातचा गेला. त्याच्या पुढच्या पिकअपवर माझा अंगठा जिथे टेकायचा, तिथलं प्लास्टिक झिजून गुळगुळीत झालं होतं. पुढे घेतलेल्या प्रत्येक बेसवर अंगठा ती जागा शोधतो आणि घसरतो. तेव्हा मंद्र, किंमत बघू नका, झीज बघा. तुमच्या हाताने कुठला झिजलाय?

मंद्रसप्तक:
आत्ता उठून बघून आलो. प्रिसिजन झिजलाय, हे अपेक्षित होतं. दुसरा झिजलेला पाचवा, शॉर्ट स्केल. पाच तारांचा एवढा नवाकोरा दिसतो की लाज वाटली. त्याच्या बॅटरीच्या खणावरची पारदर्शक फिल्मसुद्धा अजून तशीच आहे.

जुनापुराणा:
सगळे विकायच्या मागे लागलेत म्हणून उलट बाजूने बोलतो. न वाजवलेली वस्तू म्हणजे वाया गेलेली वस्तू, हे कुणी ठरवलं? घरातली सगळी पुस्तकं दरवर्षी वाचता का? माझ्याकडे जे जुने बेस आहेत ते मी वर्षातून दोनदा वाजवतो आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. त्यांच्याकडे बघून मला कळतं की हे वाद्य कुठून आलं. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन आणला तेव्हा 'प्रिसिजन' हे नावच पडद्यांमुळे पडलं, कारण त्याआधी उभ्या डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागायचा. जॅझ बेस आला १९६० मध्ये. नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) तो साधारण ३८ मिलिमीटर रुंद, मूळचा प्रिसिजन ४४. पाठ्यपुस्तकात वाचलेले सहा मिलिमीटर आणि हातात आलेले सहा मिलिमीटर यात फरक आहे.

आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं बघा. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला हॉफनर बेस, व्हायोलिनच्या आकाराचा. १९७२ मध्ये चोरीला गेला. पन्नास वर्षं उलटून गेली तरी लोकांनी शोध सोडला नाही आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो परत मिळाल्याची बातमी आली. त्या माणसाला बेसची कमी होती का? तरी हवाच होता ना?

खरखर:
जुनापुराणा, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याच्याकडे १९६३ चा दुसरा हॉफनर होताच की. आणि उदाहरणंच द्यायची तर जेम्स जेमरसनचं द्या. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या त्या असंख्य गाण्यांमागे १९६२ चा एक प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा, तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. उजव्या हाताचं एकच बोट. एक माणूस, एक बेस, एक बोट. पुरलं.

जुनापुराणा:
पुरलं खरं. आणि १९८३ मध्ये जेमरसन जायच्या थोडंच आधी तो बेस चोरीला गेला, आजवर सापडलेला नाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की असं होतं.

टोणगा_पेडल:
अवांतर: जॅकोचाही गेला होता. १९८६ ला बागेतून. बेस वाजवणाऱ्यांनी बेसपेक्षा कुलपं जास्त घ्यावीत.

लघुमाप:
पुरुषमंडळी शॉर्ट स्केलला "पहिलावहिला", "आठवण" वगैरे म्हणून बाजूला ठेवतात, ते वाचून राहवलं नाही. मी १९ वर्षं फक्त ३० इंची वाजवते, आणि हात छोटे आहेत म्हणूनच सुरुवात झाली हे खरं. पण गणित करा. नटपासून चौथ्या पडद्यापर्यंतचं अंतर ३४ इंचीवर जवळपास १८ सेंटीमीटर येतं, ३० इंचीवर पावणेसोळाच्याही किंचित आत. तीन तास तालीम करा, प्रत्येक गाण्यात प्रत्येक मापाला ते दोन सेंटीमीटर ताणा, मग करंगळीला विचारा.

तार लहान म्हणून ओढ कमी, म्हणून आवाज गोल, जरा फुगीर, लवकर विझणारा. काही गाण्यांना तो चालत नाही, काहींना दुसरा चालत नाही. वर ज्या हॉफनरसाठी भांडताय तो काय लाँग स्केल होता का?

मंद्र, तुमच्या यादीत एक गोष्ट डोळ्यांत भरली. बाकी चारांबद्दल तुम्ही आवाज, तारा, वजन असं काहीतरी लिहिलंत. पाचव्याबद्दल फक्त भावना. तो वाजतो कसा? आज कसा वाजतो?

मंद्रसप्तक:
लघुमाप, उत्तर नाही माझ्याकडे. शेवटचा कधी ॲंपला लावला होता तेही आठवत नाही.

खालचा_बी:
पाच तारांच्या बेसबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून हा जातीचा प्रश्न मी घेतो. खालच्या बीसाठी पाच तारांचा बेस लागतोच असं नाही. पाच तारांच्या संचातली सर्वात बारीक तार बाजूला ठेवा आणि उरलेल्या चार साध्या चार तारांच्या बेसवर चढवा: बी, ई, ए, डी. नटच्या खाचा किंचित रुंद कराव्या लागतील, रॉड आणि घोडी पुन्हा लावावी लागेल, बस्स. कधीतरी एखाद्या गाण्यालाच खाली जायचं असेल तर ई तार डीवर उतरवली तरी निम्मं काम होतं. आणि तो खालचा मोकळा बी ३१ हर्ट्झच्या आसपास असतो. लहान स्पीकरमधून त्याचा पाया ऐकूच येत नाही. वरचे स्वर ऐकून कान पायाची कल्पना करतो.

पण हेही खरं की पाचवी तार फक्त खोलीसाठी नसते. तिच्या पाचव्या पडद्यावर मोकळ्या ईचा स्वर मिळतो, म्हणजे हात न हलवता तिथल्या तिथे अख्खं सप्तक-दीड सप्तक फिरता येतं. ज्याला ही सवय लागली त्याला चार तारा अपुऱ्या वाटतात. तुम्हाला लागली होती का? आठ महिन्यांत लागली नसेल तर ती तुमची जात नाही, त्यात कमीपणा काही नाही.

मंद्रसप्तक:
नव्हती लागली. बी तारेवर मी अंगठा टेकवायचो, एवढाच तिचा उपयोग.

एकतालीम:
विकणं आणि ठेवणं यांच्यात तिसरा मार्ग आहे: कुणा शिकणाऱ्याला उसना द्या. बेस वाजत राहतो, मालकी तुमची.

गुपचूप:
एकतालीम, मीही असाच उदार झालो होतो. मित्राला दिला. तिसऱ्या वर्षी परत आला तेव्हा पडदे काढलेले. वर म्हणतो, "तू वापरत नव्हतास ना, म्हटलं फ्रेटलेस करून बघू." आता तो भिंतीवर आहे. मित्र नाही.

टोणगा_पेडल:
गुपचूप, तो मित्र भिंतीवर हवा होता.

खरखर:
विकणारच असाल तर चार गोष्टी माझ्याकडून, कारण ते मी बरेच केलंय. आधी वजन करा आणि लिहा, आता घेणारा पहिलं तेच विचारतो. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का ते तपासून खरं काय ते सांगा. बदललेले सुटे भाग, मूळ पिकअप, घोडीवरचं झाकण, खोक्यातली डबी, सगळं शोधा. जुन्या बेसला त्या डबीनेच किंमत चढते. सिरियल नंबरवरून वर्ष छातीठोकपणे सांगू नका. जुन्या फेंडरच्या मागच्या, नंबर कोरलेल्या पट्ट्या हाताला येतील तशा बसवल्या जायच्या, मानेच्या टाचेवरची तारीख जास्त भरवशाची, आणि तीसुद्धा मानेची, बेसची नव्हे.

देशाबाहेर पाठवणार असाल तर लाकूड बघा. २०१७ मध्ये रोझवूडच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या निर्बंधांच्या यादीत आल्या तेव्हा गिटारवाल्यांची धांदल उडाली होती. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. १९६० च्या दशकातला बेस असेल तर आधी हेच तपासा.

तळघर:
मंद्र, एक करून बघा, मी पुढच्या वेळी हेच करणार आहे. रोजचा प्रिसिजन महिनाभर घराबाहेर ठेवा. उरलेल्यांपैकी एका वेळी एकच बाहेर, स्टँडवर, हाताच्या अंतरावर. केसमध्ये बंद असलेलं वाद्य कुणीच वाजवत नाही, त्यावरून आवड-निवड ठरत नाही. कुलूप आणि दोन चापांचा आळस असतो तो.

अडीचपडदे:
हे चांगलं आहे. पण तारा नव्या घालून. आणि स्टँडचं रबर बघा, जुन्या नायट्रो लॅकरच्या पॉलिशवर काही रबरं डाग पाडतात. मधे सुती कापड टाका.

मंद्रसप्तक:
पाच आठवड्यांनी परत आलोय. लांबलचक लिहितोय, माफी.

तळघर यांचं ऐकलं. प्रिसिजन तालमीच्या खोलीत ठेवून आलो. बाकी चारांना नव्या तारा, आणि अडीचपडदेंना जवळ असतात तर बोलावलंच असतं, ते नसल्याने इथल्याच एका कारागिराकडून सेटअप.

पाच तारांचा उघडला आणि बॅटरी पाझरलेली निघाली. हिरवट पांढरी बुरशी, एक वायर खाऊन टाकलेली. (हो अडीचपडदे, माहितीये.) नशिबाने प्रीअँप वाचला. आठवडाभर वाजवला. आवाज उत्तम, अगदी मन लावून बनवलेला बेस आहे. चाळीस मिनिटांनी डावा खांदा बोलायला लागायचा. हिशेबींचा प्रश्न विचारला: समोर टांगलेला असता तर घेतला असता का? उत्तर इतकं पटकन आलं की थोडं वाईट वाटलं. एका मुलीला विकला. ती बघायला आली, मांडीवर घेतला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बी तारेच्या पाचव्या पडद्यावरून सुरुवात. खालचा_बी, तुमचीच आठवण झाली. खणावरची फिल्म तिने माझ्यासमोर सोलून काढली, त्या आवाजाने मात्र पोटात कसंतरी झालं.

जॅझ बेसचं कोडं सुटलं. त्याची मान जवळपास केळ्यासारखी वाकली होती. बाराव्या पडद्यावर तारा एवढ्या वर की खालून बोट जाईल. मला वाटत होतं माझी आवड बदलली. सरळ झाल्यावर पहिल्याच तालमीला नेला, तर ड्रमवाला गाणं संपल्यावर म्हणाला, "आज तू ऐकू येतोयस." सहा वर्षं मी त्याच्या शेजारी उभा आहे. यावर काय बोलायचं. जॅझ राहिला, त्याची जागा आता कपाटात नाही.

फ्रेटलेसचा आठवडा त्रासाचा गेला. माझे स्वर लागत नव्हते आणि यावेळी दोष द्यायला जुनी तारसुद्धा नव्हती. तिसऱ्या दिवसापासून एकेक स्वर गुणगुणत वाजवायला लागलो. मग ऐकू यायला लागलं की पडदेवाल्या बेसवरही मी पडद्याच्या बराच मागे बोट ठेवतो, म्हणून कधीकधी करकर होते. बेसने न सांगता सांगितलं ते. त्यावर एकही कार्यक्रम करायची माझी लायकी नाही, आणि तो विकावा असंही वाटत नाही. बाहेरच ठेवलाय. बघू.

आता पाचवा. लघुमाप, तुम्ही विचारलं होतं तो वाजतो कसा. वाजत नाही. मानेला पीळ पडलाय, वाक नव्हे, पीळ. ई तारेच्या बाजूला एक, जीच्या बाजूला दुसराच. कारागीर म्हणाला, रॉडने पीळ निघत नसतो, यात जेवढं घालाल ते वायाच जाईल. जो मी काहीही झालं तरी ठेवणार होतो, तोच वाजण्याजोगा नव्हता, आणि हे मला ठाऊकही नव्हतं. दोन दिवस अस्वस्थ होतो. मग त्याच्या खुंट्या, घोडी आणि पिकअप काढून डबीत भरले. खोड कपाटाच्या वर आहे. त्याला विकलं म्हणायचं की ठेवलं, खरखर, तुम्ही ठरवा.

गंमत पुढे आहे. ते सगळं काढण्याआधी मी तो शेवटचा एकदा सोफ्यावर बसून वाजवला होता, करकर तशीच, आणि अर्धा तास उलटून गेला तरी मनगट शांत होतं. बायको आतून म्हणाली, "हा ओळखतो वाटतं." तेव्हापासून ३० इंचींचे फोटो बघत बसलोय.

खरखर:
पाच उणे दोन अधिक एक. धागा सार्थकी लागला.

टोणगा_पेडल:
स्वागत आहे. माझे आठ झाले या मधल्या काळात.

जुनापुराणा:
ते खोड टाकू नका. एवढंच.

मंद्रसप्तक:
लघुमाप, ३० इंचीवर तारा कोणत्या लावता? माझ्याकडे लाँग स्केल फ्लॅटवाउंडचा एक न वापरलेला संच पडून आहे. कापून चालेल?

लघुमाप:
नको. लाँग स्केलची जाड तार शॉर्ट स्केलवर घेतली की खुंटीवर तिचा जाड भागच गुंडाळला जातो, वळसे नीट बसत नाहीत, सूर उतरतो आणि कधी वरचं वेटोळंच सुटतं. शॉर्ट स्केलसाठीचा संच घ्या, त्यात टोकाचा निमुळता भाग बरोबर जागी येतो. घेताना बेसच्या घोडीपासून नटपर्यंत नाही, तारेचा गोळा जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत मोजा. काही बेसमध्ये तारा मागून अंगातून येतात, तिथे इंच-दीड इंच जास्त लागतो. आणि उरलेलं टोक कापायच्या आधी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवून घ्या, मग कापा, नाहीतर आतली गाभ्याची तार आणि बाहेरचं वेटोळं एकमेकांवरून सरकतं आणि नवी कोरी तार पहिल्या दिवशीच मरते.

तो लाँग स्केलचा संच ठेवा, जॅझला लागेल.